गळ्याशी लावलेला माईक

गोंदर, तिकिम्त २२

प्रिय यिर्गा,

कसा आहेस, तब्येत कशी, काम कसं, झोप लागते का, शेजारी बरे आहेत का, हे सगळं रीतीप्रमाणे तीन-तीनदा विचारलं असं समज. मी बरी आहे. आईचा गुत्ता माझ्या हातात अजून चालतो आहे. यंदा मध चांगला आला, त्यामुळे दारूही झकास उतरली आहे. आता कामाचं सांगते, आणि ते चांगलं नाही.

गाशे ताडेलेंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ईस्टरच्या आधी कापावी लागेल. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. म्हातारा घरी येऊन मला सांगतो, "वुबा, मसिंको आहे की! तिला एकच तार, तिला गळा लागत नाही." आणि हसला. मी चुलीपाशी जाऊन रडले.

तीस वर्षं हा माणूस आपल्या गुत्त्यात गातोय. तू लहानपणी त्यांच्या गजाला धूप चोळून द्यायचास, आठवतं? गिऱ्हाईक कानात एक ओळ सांगतं, आणि हे ती अशी उचलून गातात की सांगणाऱ्यालाही नवी वाटते. आपल्याकडे असे गाणारे अझमारी पुष्कळ झाले, पण असा कान दुसऱ्या कोणाला नाही. आणि त्यांच्या आवाजाची एकही टेप कोणाकडे नाही. लग्नांत काढलेल्या दोन आहेत, त्यांत नुसता जनरेटर ऐकू येतो.

तिर महिन्यात मिकाएलच्या सणाला, मिरवणूक देवळात परतली की दुपारी नेहमीची बैठक बसेल. डॉक्टरांच्या मते तोवर आवाज टिकेल, पुढचं सांगता येत नाही. म्हणजे एकच संधी आहे. कोपऱ्यावरचा गेतनेत मला एक मोठं यंत्र विकायला बघतोय, त्याला दिवे आहेत. घेऊ का?

खरं तर तूच ये. तुझा धंदाच हा आहे.

तुझी वुबाताई

अदिस अबाबा, हिदार २

वुबाताई,

पत्र दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि गिऱ्हाइकाला भलतीच वायर दिली. गाशे ताडेलेंचा आवाज जाणार, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. माझ्या कानाला पहिलं वळण त्यांनीच लावलं.

गेतनेतचं यंत्र घेऊ नकोस. ज्याला दिवे जास्त त्याला कान कमी, एवढं ध्यानात ठेव. लोक डबा बघून यंत्र घेतात. आधी जागा बघावी. तुझी खोली केवढी आहे आता? छत पत्र्याचं की गवताचं? जमिनीवर सणाला गवत पसरतेस ना अजून? पसर, त्यानं आवाज घुमत नाही. मधोमध उभी राहून एकदा टाळी वाजव आणि किती वेळ ऐकू येते ते मला कळव. हसू नकोस, खरंच कळव.

मी येणार नाही. कारण तुला ठाऊक आहे. शाळेत एकच टेपरेकॉर्डर होता, तो मी न विचारता एका लग्नात गाशेंचं गाणं टेप करायला नेला आणि कोणीतरी त्यावर दारूची सुरई उपडी केली. चूक माझीच होती. पण हेडमास्तरांनी सगळ्या मुलांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, "अझमाऱ्यांच्या मागे फिरणाऱ्यानं माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नये." संध्याकाळी घरी गेलो तर तिथेही तेच, बाप म्हणून. मला बघून आत गेले आणि दार लावलं. कडी पडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. अकरा वर्षं झाली.

यंत्र मी पाठवतो. माणूस मागू नकोस.

यिर्गा

गोंदर, हिदार १२

यिर्गा,

टाळी वाजवली. गिऱ्हाइकांना वाटलं मी त्यांना उठवतेय, चौघेजण पैसे ठेवून निघून गेले. टाळी लगेच संपते. खोली तेवढीच आहे, छत गवताचं.

मी तुझं ऐकलं नाही. गेतनेतकडून ते दिव्यांचं यंत्र दोन दिवस उसनं आणलं आणि रविवारी गाशेंना टेप केलं. कॅसेट ड्रायव्हर अस्रातबरोबर पाठवतेय. ऐक आणि मला शिव्या घाल. गाशे गात असतात तोवर बरं वाटतं. ते श्वास घ्यायला थांबले रे थांबले की सुरया एकमेकींवर अशा खणखणतात की वाटावं, बैठक त्यांचीच आहे. गाशेंनी ऐकून विचारलं, "ह्या कोण बाया माझ्याबरोबर गातायत?"

हेडमास्तरांबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. तुझ्या आईची बहीण माझी आई, म्हणून ते माझे काकाच. ते आहेत तसे आहेत. पाठ ताठ आहे, ऐकायला मात्र कमी येतं. त्यांच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

वुबा

अदिस अबाबा, हिदार २७

वुबाताई,

कॅसेट ऐकली. शिव्या घालत नाही, कारण दोष यंत्राचा आहे. त्यात आवाज आपोआप कमी-जास्त करायची सोय असते. गाणं थांबलं की त्याला वाटतं, कोणीतरी हळू बोलतंय, आणि ते कान टवकारतं. मग त्याला सुरयाच सापडतात. आपल्याला असं यंत्र हवं ज्यात आवाज आपण हातानं ठरवू.

आठवडाभर मी तीन यंत्रं पुढ्यात घेऊन बसलो. एक मोठ्या चकत्यांचं, आवाज इतका सुरेख की बस, पण वजन बकऱ्याएवढं आणि विजेशिवाय मुकं. तुमच्याकडे सणाच्या दिवशी वीज किती असते ते मला माहीत आहे. दुसरं खिशात मावणारं, वार्ताहर वापरतात ते. त्यात गाशे डब्यात बसून गातायत असं वाटलं. तिसरं खांद्याला अडकवायचं, कॅसेटचं, जुनं, एका कोपऱ्यात पोचलेलं. पण त्याला आवाज किती चढला ते दाखवणारा काटा आहे, हातानं फिरवायचं बटण आहे, चार जाड सेलवर पाच तास चालतं. मुख्य म्हणजे त्याला दोन माईक लागतात. हेच पाठवतोय.

दोन माईकांनी मला चार रात्री झोप लागू दिली नाही. माईक लांब ठेवला तर सुरया येतात. जवळ ठेवला तर नुसते गाशे येतात, आणि लोकांच्या हसण्या-ओरडण्याशिवाय अझमारी म्हणजे काय? म्हणून एक वाटाण्याएवढा माईक पाठवतोय, तो टाचणीनं त्यांच्या उपरण्याला, अगदी गळ्याशी लाव. दुसरा मधल्या खांबाला, लोकांकडे तोंड करून. गळ्याचा आवाज टेपच्या डाव्या बाजूला बसेल, लोकांचा उजव्या. किती गळा आणि किती लोक हे नंतर इथे मी ठरवीन.

कॅसेट साठ मिनिटांचीच वापर. लांबवाल्यांची फीत पातळ असते, गुंतते. काटा लाल पट्टीत जाऊ देऊ नकोस. आणि सेल नवे घाल, घड्याळातले काढून घालू नकोस, मी तुला ओळखतो.

यिर्गा

गोंदर, ताहसास १०

यिर्गा,

यंत्र पोचलं. सध्या नाताळाआधीचा उपवास आहे, गाणं नाही, म्हणून मी सराव करतेय. कॉफी भाजताना टेप केलं, शेजारणीचं भांडण टेप केलं. काटा कसा धरायचा ते भांडणावर छान कळलं.

गाशेंनी तो वाटाणा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "चावत नाही ना?" मग म्हणाले, "बरं आहे. आता मी कुठे जाईन तिथे हा येईल, बायकोसारखा." मी त्यांच्या उपरण्याला लावून बघितला. त्यांची एक ओळ पुन्हा ऐकली तर श्वाससुद्धा येतो. इतके जवळ ते मला कधीच वाटले नव्हते, यिर्गा.

एक विचारायचं होतं. दर रविवारचं एक म्हातारं गिऱ्हाईक आहे, त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून ते गाशेंच्या अगदी शेजारच्या स्टुलावर बसतात. सणालाही येतील. त्यांना उठवून लांब बसवू का?

वुबा

अदिस अबाबा, ताहसास १८

ताई,

बसू दे बिचाऱ्याला. फक्त खोकू नको म्हणावं.

यिर्गा

गोंदर, तिर १४

यिर्गा,

झालं! साठच्या तीन कॅसेटी भरल्या, अस्रातच्या पिशवीत आहेत. त्याला धमकी दिली आहे की देब्रे मार्कोसच्या मुक्कामात पिशवी डोक्याखाली घेऊनच झोप.

मिरवणूक उतरली आणि माणसं आत अशी लोटली की मला खांबाच्या माईकखाली स्टुलावर उभं राहावं लागलं. गाशेंचा आवाज पहिल्या घटकेला फाटत होता. मग तापला, आणि मग तोच जुना. कोणी दिराला टोमणा मारला, कोणी नवऱ्याच्या टकलावर ओळ दिली. बायकांनी आनंदानं जीभ नाचवत इलिल्ल् केलं तेव्हा काटा लाल पट्टीत गेला, मी बटण खाली केलं. मी शिकलेय.

दुसऱ्या कॅसेटच्या शेवटी बघ. गाशे वाकले, कोणाची तरी ओळ घेतली आणि गायले:

पाखरू गेलं उडून, घर बसलं दार लावून,
कडी घातली दाराला, ते येणार तरी कुठून?

मग क्षणभर नुसता गज फिरवला आणि पुन्हा गायले, पण बदलून:

पाखरू गेलं उडून, घर बसलं दार लोटून,
कडी नव्हती दाराला, का पाहिलं नाही ढकलून?

ती ओळ असनाकेचची, तिचा मुलगा सुदानला गेला तो गेलाच. ती तोंडावर पदर घेऊन रडली, आणि मग आम्ही सगळ्याच.

छान टेप कर, यिर्गा. सगळ्यांना एकेक हवी आहे. गाशेंना मी सांगितलंय, तुमचा आवाज आता अदिसला जाऊन येतो.

वुबा

अदिस अबाबा, तिर ३०

वुबाताई,

कॅसेटींनंतर तुझी आणखी दोन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. रागावू नकोस.

टेप उत्तम आहे. तू मला लाजवलंस, इतकी उत्तम. पण आपण दोघांनी एक गाढवपणा केला आहे. अझमाऱ्याच्या कानात लोक ओळी सांगतात, हे आपण पाळण्यापासून बघतोय. आणि गळ्याशी माईक लावताना तुला, मला, खुद्द गाशेंना, कोणालाही सुचलं नाही की गळा आणि कान यांत एक वीत अंतर असतं. ओळ सांगायला तोंड जवळ येतं, ते थेट माईकवर येतं. डावी बाजू एकटी लावली की सगळं ऐकू येतं. कोणी दिराला टोमणा मारवला, आणि मग सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं, तेही. टकलाची ओळ खुद्द टकल्याची आहे. एक बाई ओळ सांगताना रडतेय आणि पाचव्या मिनिटाला इलिल्ल् करतेय. ही कॅसेट गोंदरमध्ये वाटली तर अर्धा बाजार अर्ध्या बाजाराशी बोलणार नाही. गाशेंनी तीस वर्षं जे तोंडातून काढलं नाही ते आपण त्यांच्या उपरण्याला टाचून बाहेर काढलं.

आणखी एक. ती पाखराची ओळ असनाकेचची नाही. कोणाची ते मी लिहिणार नाही, मला तो हक्क नाही. पण गाशेंनी पहिल्यांदा मनानं कडी घातली, तेव्हा शेजारून एक आवाज आला, हळू, पण ठणकावून: "कडी नाही, ताडेले. लोटलं. नुसतं लोटलं होतं. पुन्हा म्हण."

मी टेप थांबवली. दुकान बंद केलं आणि पायरीवर बसलो.

ताई, कडी पडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला होता. शपथेवर सांगितलं असतं. कानांवर पोट भरणारा माणूस मी. गोठ्यातली साखळी असेल, विहिरीची बादली असेल, देव जाणे. मी परत फिरून दाराला हातसुद्धा लावला नाही.

काय करू ते गाशेंना विचार. टेप त्यांची आहे.

यिर्गा

गोंदर, येकातित ७

यिर्गा,

तुझं पत्र गाशेंना वाचून दाखवलं. फक्त पहिला अर्धा भाग. पाखराच्या ओळीचा भाग घडी घालून झाकला. तू लिहिलं नाहीस ते मी विचारत नाही, आणि मला जे ठाऊक आहे ते मीही लिहीत नाही. मला शपथ घातलेली आहे.

गाशे आधी हसले. टकल्याचं ऐकून तर ठसका लागेपर्यंत. मग मला जवळ बोलावलं. आता आवाज खूप बसलाय, जवळ जावं लागतं. म्हणाले, "वुबा, माझं तोंड कोणालाही मिळतं. कान कोणाला मिळत नाही. त्या पोराला सांग, माणसं माझ्याकडे येतात कारण त्यांना घरात बोलता येत नाही. ते कान टेपवर राहिले, तर मी गायलो ते सगळं खोटं. मला टेप नको मग. आवाज गेला तर गेला."

मी म्हटलं, एवढी मेहनत, एवढी एकच संधी. ते म्हणाले, "कुजबुज काढता येते का विचार. येत नसेल तर जाळा."

येते का?

वुबा

अदिस अबाबा, येकातित १५

वुबाताई,

काढली.

कॅसेटमधून थोडं कापून थोडं ठेवणं जमत नाही, म्हणून मी दुसऱ्या यंत्रावर नवी टेप केली आणि हातानं डाव्या बाजूचं बटण धरून बसलो. गाशे वाकले की बटण खाली, गायला लागले की वर. गज ऐकूनच कळतं मला, ते वाकतात तेव्हा गज जरा सैल पडतो. एकवीस वेळा वाकले. चौथ्या खेपेला सगळं जमलं. आता वाकतात तेव्हा फक्त खोली ऐकू येते, खांबाच्या माईकमधून, गवतावरची माणसं, सुरया, कोणीतरी हसतंय. असंच असायला हवं होतं.

तुझ्यासाठी बारा प्रती पाठवतोय. मूळ तीनही कॅसेटी त्यांच्याबरोबर आहेत. त्या गाशेंच्या हातात दे, त्यांच्यासमोर कॉफीच्या शेगडीत जाऊ देत.

खरं सांगू? दुसऱ्या कॅसेटची प्रत करून झाल्यावर मी ती सहा सेकंदं पुन्हा लावली. अठरा-वीस वेळा लावली. एवढाच तुकडा स्वतःसाठी ठेवावा, कोणाला कळणार होतं? रिकामी कॅसेट यंत्रात घालून झाली होती, बोट बटणावर होतं. मग वाटलं, चोरून टेप करण्यापासूनच हे सगळं सुरू झालं होतं. ठेवली नाही. तू समजू शकतेस की ते मला सोपं गेलं नाही.

ऐकलं ते मी ऐकलं नाही असं धरून चालणार आहे. पण गायलेली ओळ सगळ्या खोलीनं ऐकली, आणि गायलेल्या ओळीला उत्तर द्यायला अझमाऱ्याच्या बैठकीत कोणालाही मुभा असते. ईस्टरचा उपवास लागायच्या आधीच्या रविवारी गाशेंना जमलं तर एवढं गायला सांग. कोणाकडून ते त्यांना सांगायची गरज नाही, आणि ते विचारणारही नाहीत.

अकरा वर्षं रानात, कानांनी फसवलं फार,
कडीच ऐकू आली मला, लोटलेलं होतं दार.

यिर्गा

गोंदर, येकातित २४

यिर्गा,

मूळ कॅसेटी शेगडीत गेल्या. गाशेंनी स्वतः घातल्या, वर धूपही टाकला. प्रती सगळ्यांनी उचलल्या. टकल्यानं दोन घेतल्या.

रविवारी गाशेंना शेवटचं गायचंच नव्हतं. आवाज म्हणजे नुसता वारा. मी वाकून तुझी ओळ सांगितली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या स्टुलाकडे बघितलं, आणि उठून उभे राहिले. इतक्या हळू गायले की सगळ्यांनी सुरया खाली ठेवल्या.

आता मी शपथ मोडते, कारण ज्यांनी घातली त्यांनीच आज सोडवली. शेजारच्या स्टुलावर काका बसतात. तीन वर्षं झाली, दर रविवारी. ज्यांनी आयुष्यभर गुत्त्याची गल्ली टाळली ते. पहिल्या दिवशी दारातच म्हणाले होते, "यिर्गाला कळलं तर मी तुझं तोंड बघणार नाही." दारू घेत नाहीत, एक कप कॉफी. ओळ कधी दिली होती का, मला माहीत नव्हतं.

गाणं संपलं. काका ताठ बसून होते. मग सगळ्यांसमोर, वर्गात बोलतात त्या आवाजात, म्हणाले, "हे चूक आहे."

खोलीला धडकी भरली. मी म्हटलं, "काय चूक आहे, काका?"

"अकरा नाही. बारा. मेस्केरममध्ये बारा पूर्ण झाली." मग माझ्याकडे वळले. "ज्यानं रचलंय त्याला सांग, लांबून मोजू नकोस. माझ्यासमोर येऊन मोज."

गाशे मसिंकोवर कपाळ टेकवून बसले. मी बाहेर गेले आणि रडले, पण या वेळी चुलीचं निमित्त सांगितलं नाही.

परवा गाशेंचं ऑपरेशन आहे.

वुबाताई

अदिस अबाबा, येकातित २८

वुबाताई,

मोजून बघितलं. बाराच. मी अदिसला उतरलो तेव्हापासून मोजत होतो, त्याआधी देसे गावात काढलेलं वर्ष धरलंच नव्हतं. बाबांनी घरापासून मोजलं.

शुक्रवारच्या बसनं निघतो. गाशेंना माझ्या हातानं गजाला धूप चोळून द्यायचा आहे. बाबांना सांगू नकोस, दार मी स्वतः ढकलीन.

यंत्र आणत नाही.

यिर्गा